काडीच्या खिंडीतली मोटार

मेडशीच्या दौलतरावांची मोटार दुपारी वाशीमला निघाली ती डॉक्टर आणायला. गोष्ट एवढ्या साध्या कामापासून सुरू होते, पण जगदेवकाकांना तिथवर यायलाच अर्धा तास लागतो. आधी पान. मग चुना कमी पडला म्हणून पुन्हा चुना. मग मोटारीचा रंग कोणता होता, तिचा भोंगा कसा वाजायचा, ती पहिल्यांदा गावात आली तेव्हा कोणाचे बैल बुजले. मी दोनदा म्हणाले, काका, पुढे चला. ते चालत नाहीत.

आमच्या घरी पौषात मधल्या खोलीत वेचलेला कापूस भरलेला असतो, पार आढ्यापर्यंत. त्या खोलीत दिवा नेत नाहीत. एक ठिणगी पडली की वर्षाचं पीक गेलं. म्हणून काकांना गोष्टी सांगायला तीच खोली आवडते. ते दाराशी बसतात आणि आम्ही चुलत-मावस भावंडं कमरेपर्यंत कापसात रुतून ऐकतो. शेजारच्याचं तोंडही दिसत नाही. मी अमरावतीहून कॉलेजच्या सुट्टीत आले होते आणि भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे मी बसतानाच सांगून टाकलं.

काका म्हणाले, "तुह्या विश्वासाचं कोण इचारून राह्यलं? मी रामधनचं सांगून राह्यलो."

रामधन हा दौलतरावांचा ड्रायव्हर. काका त्या वेळी वाशीमला एका जिनिंगमध्ये फिटर होते, आणि पुढे मोटार सोडल्यावर रामधन त्यांच्याच खोलीत दोन वर्षं राहिला. म्हणजे काकांनी स्वतः पाहिलेलं काही नाही. जे आहे ते रामधनच्या तोंडचं.

तारीख मात्र काकांना पाठ आहे. सन एकोणीसशे एकोणचाळीस, तेरा जानेवारी, शुक्रवार. पौष वद्य अष्टमी, भोगीचा दिवस.

दौलतरावांची चार वर्षांची मुलगी चतुरा घटसर्पानं आजारी होती. आईवेगळी पोर, आजीजवळ वाढलेली. गळ्यात आतून पांढरा पडदा धरला होता, पाणी नाकातून परत यायचं. दुखणं पाच दिवसांचं. त्यातले चार दिवस आजी, मनकर्णाबाई, अंगारा लावत होत्या आणि गळ्यात ताईत बांधत होत्या. डॉक्टरचं नाव निघालं ते पाचव्या दिवशी, पोरीचे ओठ निळे दिसायला लागल्यावर. चार दिवस. मी तो आकडा काकांना दोनदा विचारून घेतला. ते म्हणाले, हो, चार, आणि आता मला बोलू दे.

रामधन दोनच्या सुमारास वाशीमला पोचला तर डॉक्टर दुसऱ्या गावी रोगी पाहायला गेलेले. ते परत आले रात्री नऊला. पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे गृहस्थ. बाहेरगावचे, वाशीमला येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. श्वास घेताना आवाज होतो का, आणि ओठांचा रंग कसा आहे. मग कापसात गुंडाळलेल्या औषधाच्या दोन काचेच्या नळ्या बॅगेत ठेवल्या आणि जेवणाचं ताट तसंच सोडून मोटारीत येऊन बसले. रामधनला म्हणाले, "उजाडायच्या आत सुई गेली तर मुलगी राहील. त्यानंतर मला नेऊन उपयोग नाही."

साडेनऊला निघाले. मालेगाव मागे पडलं तेव्हा वारा एकाएकी थांबला, आणि गारा सुरू झाल्या. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. रामधननं मोटार एका आंब्याखाली घेतली. तरी कापडी टप दोन जागी फाटला. डॉक्टर बॅग पोटाशी धरून, वर पाठीची ढाल करून बसले होते. वीस-पंचवीस मिनिटांनी सगळं थांबलं. रामधननं दिवे लावले, तर रस्ता नाहीसा झालेला. तूर आडवी, गहू जमिनीत गेलेला, आणि चंद्र उगवायचा असूनही रान उजळ. जिकडे नजर जाईल तिकडे पांढरं. आपल्या मुलखात असं पांढरं कोणी पाहिलेलं नव्हतं.

मेडशीच्या अलीकडे सहा मैलांवर एक खिंड आहे. दोन्हीकडे टेकड्या, मध्ये रस्ता खाली उतरतो आणि ओढा ओलांडून पुन्हा चढतो. दोन्ही उतारांवरच्या गारा पाण्याबरोबर वाहत येऊन त्या खोलगट जागी साचल्या होत्या. रामधनला वाटलं, बोटभर थर असेल. त्यानं मोटार घातली. चाकांखाली काच फुटल्यासारखा आवाज झाला, आणि मोटार पुढे जायच्या ऐवजी खाली गेली. गारा गुडघ्याच्या वर. त्यांच्या खाली भिजलेली काळी माती. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, आणि जेवढी फिरली तेवढी आणखी आत गेली.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा.

चालत जावं तर सहा मैल चिखल, अंधार, वर हे पांढरं. सकाळ झाली असती. दोघांनी मोटारीत पाणी घालायच्या बादलीनं गारा उपसल्या. बादली एकच, म्हणून डॉक्टर हातांनी उपसत होते. बोटं बधिर झाली की ते काखेत घालायचे आणि पुन्हा वाकायचे. रामधननं चाकाखाली घोंगडी घातली. चाकानं ती चिंध्या करून मागे फेकली. डॉक्टरांनी आपला कोट दिला. त्याचंही तेच झालं. फांद्या पाहिजे होत्या. भोवती सागाची मोठी झाडं, कुऱ्हाड जवळ नाही, आणि खाली पडलेलं सगळं गारांनी गाडलेलं. असा तास गेला.

साडेबाराला टेकडीमागून अर्धा चंद्र वर आला, आणि रस्त्याच्या उजव्या हाताला पुरुषभर उंचीचा ढीग दिसला. वरून गारांनी पांढरा. आतून कोरडा.

काड्यांचा ढीग. त्यावरूनच त्या जागेला काडीची खिंड म्हणतात. मेडशीकडचा कोणीही माणूस खिंड ओलांडून बाहेर जायला निघाला की जवळची एखादी काडी मोडतो आणि त्या ढिगावर ठेवतो. रामधन अकोल्याचा, मोटार तिथेच शिकलेला. त्यानं लोकांना काड्या ठेवताना खूपदा पाहिलं होतं, इंजिन चालू ठेवून, वैतागत.

"पण त्याले अर्धंच मालूम होतं," काका म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, ती लाकडं कोणाची? रामधन म्हणाला, कोणाचीच नाही, येणारेजाणारे ठेवतात. डॉक्टर म्हणाले, मग आणा.

मी मध्येच म्हणाले की त्यानं अगदी बरोबर केलं. एक मूल मरतंय, आणि तिथे लाकडांचं काय कौतुक? उद्या मी तिथे असते तर मीही तेच केलं असतं.

 काकांनी या वेळी मला गप्प केलं नाही. 

मग ते पुन्हा सांगायला लागले, आवाज थोडा खाली घेऊन.

रामधननं ढिगात हात घातला. काही काड्या भुग्यासारख्या झालेल्या, काही ताज्या. एक गुराख्याची काठी होती, हाताच्या जागी घासून गुळगुळीत. बैल हाकायच्या एका तुतारीचा अर्धा तुकडा होता, टोकाला खिळा तसाच. बायकांनी ठेवलेल्या बोटभर, बारीक. त्यानं आधी निवडून निवडून जाड तेवढ्या घेतल्या. मग मिठीत मावतील तेवढ्या. चार खेपा झाल्या. चारही चाकांखाली काड्या दाबून भरल्या, डॉक्टर मागे गेले, रामधननं हँडल मारून गिअर टाकला.

काड्या कडाकडा मोडल्या. चाकांनी पकड घेतली. आणि मोटार उचलून ठेवावी तशी वर आली.

डॉक्टर येऊन शेजारी बसले. त्यांनी तळवे धोतराला पुसले. थोडं थांबून विचारलं, "माझ्याबरोबर कोण ढकलत होतं?"

"कोणी नाही जी."

डॉक्टरांनी बॅग उघडून नळ्या चाचपून पाहिल्या.

बादली मागे राहिली होती. रामधन ती आणायला उतरला. चंद्र आता खिंडीत पोचला होता. चार पावलं गेला आणि थांबला.

गारांवर पावलं उमटलेली होती.

त्याची आणि डॉक्टरांची नव्हती. त्यांच्या पायात जोडे होते. ही अनवाणी. मोठी, लहान. एक पाय ओढत चालणाऱ्याचं, एका बाजूला लांब रेघ. सगळी ढिगापासून निघालेली. सगळी मोटारीपर्यंत आलेली. परत गेलेलं एकही पाऊल त्याला सापडलं नाही.

बादली त्यानं तिथेच सोडली.

मोटार चढाला लागली आणि रामधनच्या हाताला कळलं. ती जड होती. तीस मण सरकी भरल्यासारखी. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगांच्या कमानी पार दबलेल्या, टायर पत्र्याला घासत होते, जळक्या रबराचा वास येत होता. चढ संपला, सपाटी आली, तरी पहिला गिअर सुटेना. माणूस चालतो त्या चालीनं मोटार जात होती.

डॉक्टर म्हणाले, अहो, जरा जोरात. रामधन म्हणाला, येवढीच जाऊन राह्यली जी. मागे काय भरलंय, म्हणून डॉक्टरांनी मान वळवली...

लगेच पुढे केली. बॅग मांडीवर घेतली. दोन्ही हातांनी घट्ट धरली.  त्यांनी काय पाहिलं, ते त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

पाऊण मैलावर डावीकडे एका वाडीची पायवाट फुटते. तिथे इंजिन बंद पडलं. आपोआप.

सगळं शांत झालं. मागच्या दाराची कडी वाजली. मोटार किंचित वर आली, माणूस उतरल्यावर येते तशी. दार लागलं.

रामधन बसून राहिला. पण हँडल मारायला समोर उतरावंच लागणार होतं. तो उतरला. रेडिएटरच्या वर नजर उचलली नाही. वाडीत एक कुत्रं भुंकायला लागलं, आणि अर्ध्यातच गप्प झालं.

पुढे एका विहिरीपाशी पुन्हा इंजिन गेलं. पुन्हा कडी. पुन्हा हँडल. त्याच्या पुढे एका बांधापाशी. तिथे दार उघडं राहिलं ते बराच वेळ. मोटार तीनदा वर आली. दर वेळी थोडी हलकी. दर वेळी वेळ जात होता. डॉक्टरांच्या घड्याळात दोन वाजून गेले होते आणि मेडशी अजून तीन मैल.

माझ्या शेजारी धाकटी बहीण होती. तिनं माझा हात धरला होता. मी तो सोडवला नाही.

तांड्याच्या फाट्यावर रस्त्यात कंदील दिसला. धनसिंग म्हणून तिथला एक म्हातारा अंगावर कांबळं घेऊन उभा होता. इंजिन तिथेही बंद पडलं, आणि मागून एक जण उतरला. धनसिंगनं रस्ता सोडून बाजूला जागा दिली. ज्याला दिली तो रामधनला दिसला नाही. तांड्यात एका झोपडीचं दार वाजलं. मगच धनसिंग मोटारीजवळ आला, पण चार हात अंतर ठेवून.

"डायवर, काडीचा ढीग मोडला काय?"

रामधननं सांगितलं. मोटार फसली होती, घरी पोर मरून राह्यली, म्हणून काढल्या. किती, ते मोजलं नाही.

धनसिंग चिडला नाही. त्यानं उरलेलं अर्धं सांगितलं. जाताना माणूस काडी ठेवतो, आणि परत येताना एक काडी काढून रानात फेकतो. ठेवलेली काडी म्हणजे गेलो. काढलेली म्हणजे आलो. ज्यांनी काढली नाही ते आलेच नाहीत. कोणी प्लेगात गेले, कोणी पहिल्या लढाईवर, कोणी पोट भरायला कुठे लांब. ढीग सगळा त्यांचाच.

"तू काढल्या," धनसिंग म्हणाला. "त्याहीले वाटलं, आता घरी जाचं. माहा बाप आत्ताच घरात शिरला. म्हणून मी बाहेर उभा हाय."

मग त्यानं कंदील वर केला आणि मागच्या गादीकडे पाहिलं. लगेच खाली केला.

"एक बाई बसून हाय अजून. मेडशीची असन."

रामधनला विचार करावा लागला नाही. तीन वर्षांपूर्वी याच मोटारीतून त्यानं दौलतरावांच्या बायकोला, सोजरबाईला, बाळंतपणासाठी माहेरी इंझोरीला नेलं होतं. चतुरा तेव्हा वर्षाची. सोजरबाईला तिला बरोबर न्यायचं होतं. मनकर्णाबाईंनी नेऊ दिलं नाही, नात माझ्याजवळ राहील म्हणाल्या. खिंडीत सोजरबाईनं मोटार थांबवायला सांगितली, जड अंगानं उतरली, बोटभर काडी मोडून ढिगावर ठेवली आणि मेडशीच्या दिशेनं पाहत उभी राहिली. रामधननं भोंगा वाजवला तेव्हा येऊन बसली. महिन्याभरानं ती इंझोरीलाच वारली, पोटातल्या बाळासकट. मोटार रिकामी परत आली होती.

धनसिंग म्हणाला, लेकरासाठीच येऊन राह्यली. मोटार थांबन तिथंच उतरन. दारात नेऊ नको. वेशीबाहेर सोड.

रामधननं गिअर टाकला. मोटार आता पळत होती. एवढं एकच ओझं होतं. फक्त ते आता मागे टेकून बसलेलं नव्हतं. त्याच्या पाठीमागची गादी पुढे दाबली जात होती. घाई झालेलं माणूस पुढच्या गादीला दोन्ही हातांनी धरून, वाकून रस्ता पाहतं, तशी. मानेला गार लागत होतं.

त्यानं वळून पाहिलं नाही.

वेशीबाहेर, उताराच्या माथ्यावर, त्यानं मोटार उभी केली. ब्रेक ओढला. पुढच्या चाकाखाली दगड लावला. डॉक्टरांना म्हणाला, पेट्रोल संपलं, आता पायी. डॉक्टरांनी का म्हणून विचारलं नाही. ते आधीच पळायला लागले होते, बॅग छातीशी धरून. रामधननं एकदाच पाहिलं. मागचं दार बंद होतं. कमान दबलेलीच होती.

आपण तिला फसवलं, असं त्याला वाटलं. तो पळाला.

घराच्या दारात दौलतराव उभे होते. मधल्या खोलीत बाजेवर पोर. ओठ निळे. प्रत्येक श्वासाला करवतीसारखा आवाज. मनकर्णाबाई उशाशी बसून तिच्या कपाळावर हात ठेवून होत्या. डॉक्टरांनी नळी फोडली, सुई भरली, दिवा जवळ मागितला.

तेव्हा तो आवाज आला.

चाकांचा. इंजिनचा नाही. नुसती चाकं. गारांवरून. उतारावरून. हळू... कोणी हातानं धरून आणावी तशी. गल्लीच्या वळणावर थांबली. वळली. दारापर्यंत आली.

थांबली.

दौलतराव म्हणाले, कोणाची मोटार आली? रामधन दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभा राहिला होता. त्याला बाहेर सगळं दिसत होतं. मोटार. दारं लागलेली. रिकामी.

कडी वाजली.

कमान वर आली.

तो म्हणाला, "बाई... डॉक्टर आले हाय. लेकरू नेऊ नका."

...



मग त्याच्या उजव्या हाताखालून गार वारा आत गेला. बुटकी बाई वाकून हाताखालून जाते, तेवढ्याच उंचीवरून. त्याचे हात चौकटीवरच होते. अडवायला त्याला काही सापडलं नाही.

आत बाज करकरली. डाव्या काठाची दोरी खाली गेली. चौघांनी पाहिलं. मनकर्णाबाईंनी पोरीच्या कपाळावरचा हात काढून घेतला, उठल्या, आणि मागे मागे सरत भिंतीला टेकल्या. दौलतराव आधीच भिंतीशी होते. चतुरानं डोळे न उघडता तोंड त्या बाजूला वळवलं.

डॉक्टरांच्या हातात सुई होती.  पोर पाय झाडत होती. सुई मोडली असती, आणि औषध फार नव्हतं. डॉक्टरांनी मान वर केली नाही. म्हणाले, "पाय धरा तिचे. हलू देऊ नका."

दौलतराव हलले नाहीत. मनकर्णाबाई हलल्या नाहीत. रामधन दारातच.

पोरीचे पाय थांबले.

डॉक्टरांनी सुई दिली.

उजाडताना श्वासातला आवाज कमी झाला. दुपारी तिनं पाणी मागितलं आणि ते नाकातून परत आलं नाही. गारा तोवर वितळल्या होत्या, गल्लीत नुसता चिखल होता आणि दारात मोटार उभी होती. ब्रेक ओढलेलाच होता. संध्याकाळी मनकर्णाबाई म्हणाल्या, माणूस पाठवून खिंडीत एक काडी पुन्हा ठेवून या. दौलतराव म्हणाले, नाही. आईला त्यांनी आयुष्यात तेवढं एकदाच नाही म्हटलं.

रामधननं त्याच आठवड्यात काम सोडलं.

काका थांबले. कापसाच्या खोलीत श्वासांचे आवाज ऐकू येत होते. मीच पहिली बोलले. मी म्हणाले, जुन्या मोटारीचा ब्रेक निसटतो. बाजेची दोरी सैल पडते. घाबरलेल्या माणसांना वाटेल ते दिसतं. आणि पोर वाचली ती औषधानं. काका म्हणाले, औषधानंच वाचली, कोण नाही म्हणून राह्यलं? एवढं बोलून ते झोपायला गेले.

पुढच्या महिन्यात एका लग्नासाठी मी बाबांबरोबर मेडशीला गेले. दौलतराव बाबांच्या ओळखीचे, म्हणून दुपारी त्यांच्याकडे चहा झाला. मनकर्णाबाई वारून चार वर्षं झाली होती. चतुरा आता अकरा वर्षांची आहे, हुशार, बोलकी. मला आपली पुस्तकं दाखवायला ती मधल्या खोलीत घेऊन गेली. बाज तिथेच होती. मी सरळ विचारलं, दोरी कधी विणलीस? ती म्हणाली, परवाच, बाबांनी आणि तिनं मिळून, चांगली ताणून. मी हात लावून पाहिला. उजवीकडची दोरी ताठ होती, बोटानं दाबली जात नव्हती. डाव्या काठाला मात्र खळगा होता. माणूस बसल्यावर पडतो तेवढा.

ती खाली जमिनीवर वह्या मांडत होती. मी बाजेच्या डाव्या काठावर बसायला गेले.

मान वर न करता ती म्हणाली, "ताई, तिकडं नका बसू."

"काहून?"

 तिनं नुसतं त्या काठाकडे पाहिलं, पाहुणा आला की घरच्या माणसाकडे पाहतो तसं.

मग दोरीतला तो खळगा, जागा करून द्यावी तसा, वीतभर पलीकडे सरकला.